ज्याला काहीच चिकटत नाही, ते तव्याला कसं चिकटलं? रॉय प्लंकेट आणि टेफ्लॉनची गोष्ट

नळाच्या जोडातून पाणी गळायला लागलं की प्लंबर खिशातून पांढऱ्या टेपची छोटी गुंडाळी काढतो, आट्यांवर पाच-सहा वेढे देतो आणि नळ पुन्हा घट्ट बसवतो. राजुऱ्यातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात टेफ्लॉन टेप मागितली की लगेच मिळते. घरातल्या नॉनस्टिक तव्यावरचा थर बहुतेक वेळा याच पदार्थाचा असतो. आणि तुमचा फोन पाण्यात पडूनही चालू राहणाऱ्यांपैकी असेल, तर त्याच्या माइकच्या छिद्रामागे बऱ्याचदा याच पदार्थाचा ताणून केलेला अगदी पातळ पडदा असतो. आवाज आरपार जातो, पाणी मात्र अडतं.

या पदार्थाचं पूर्ण नाव पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलीन, थोडक्यात पीटीएफई. टेफ्लॉन हे एका कंपनीचं ब्रँडनेम आहे, पण झेरॉक्ससारखं तेच सगळ्यांच्या तोंडी बसलंय.

आता एक साधा प्रश्न. याला डोसा चिकटत नाही, अंडं चिकटत नाही, गोंदसुद्धा नीट चिकटत नाही. मग हा स्वतः तव्याच्या ॲल्युमिनियमला कसा चिकटून बसला? याचं उत्तर रॉय प्लंकेट यांच्या आयुष्यात अर्धं सापडतं आणि उरलेलं अर्धं भट्टीत. पदार्थ सापडला एका सकाळी. तो तव्यावर टिकायला मात्र पंधरा-सोळा वर्षं लागली.

शेतकरी घरातला केमिस्ट

रॉय प्लंकेट यांचा जन्म २६ जून १९१० चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या न्यू कार्लाइल या छोट्या गावातला. घर शेतकऱ्याचं, पैसा बेताचा. इंडियाना राज्यातल्या मँचेस्टर कॉलेजातून १९३२ साली ते पदवीधर झाले. तो काळ जागतिक महामंदीचा होता. शिकलेल्या पोरांनाही नोकऱ्या नव्हत्या. त्यामुळे प्लंकेट पुढे शिकत राहिले आणि ओहायो स्टेट विद्यापीठातून १९३६ मध्ये पीएच.डी. झाले.

कॉलेजात त्यांचा रूममेट होता पॉल फ्लोरी. हाच फ्लोरी पुढे पॉलिमरच्या शास्त्रातला मोठा माणूस झाला आणि १९७४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. दोघंही पुढे ड्यूपाँ कंपनीत लागले. गंमत अशी की पॉलिमरचा अभ्यास फ्लोरीचा, प्लंकेट त्या विषयात नव्हतेच. त्यांना काम मिळालं ते फ्रिजमधल्या गॅसचं. जागा होती न्यूजर्सी राज्यातल्या डीपवॉटर इथली जॅक्सन प्रयोगशाळा.

त्या आधीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे गॅस असायचे. पाइप गळला तर घरातली माणसं दगावायची. म्हणून विषारी नसलेले, पेट न घेणारे नवे गॅस आले. त्यांना फ्रेऑन म्हणत. त्यांचा आणखी एक प्रकार शोधणं हे तरुण प्लंकेट यांचं काम होतं.

वजन आहे, गॅस नाही

नव्या गॅससाठी कच्चा माल म्हणून टेट्राफ्लुओरोइथिलीन नावाचा गॅस लागणार होता. प्लंकेट यांनी तो सुमारे १०० पौंड, म्हणजे ४५ किलोच्या आसपास तयार केला आणि छोट्या छोट्या सिलिंडरमध्ये भरून ड्राय आइसमध्ये गार करून ठेवला.

६ एप्रिल १९३८. त्या वेळी आपलं राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि प्लास्टिक ही वस्तू इथे क्वचितच कुणी पाहिली असेल. तिकडे डीपवॉटरला प्लंकेट यांचा मदतनीस जॅक रेबोक यानं एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला. काहीच बाहेर आलं नाही. गॅस गळून गेला असेल असं वाटणं साहजिक होतं. पण सिलिंडरचं वजन जवळपास भरलेल्या सिलिंडरइतकंच होतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. फाइलची साइज दाखवतेय, उघडली तर आत काहीच दिसत नाही. अशा वेळी फाइल डिलीट करून पुढे जाणारे बरेच असतात. प्लंकेट आणि रेबोक यांनी तसं केलं नाही. व्हॉल्व्हमध्ये तार घालून पाहिली. मग व्हॉल्व्हच काढला आणि सिलिंडर उलटा करून आपटला, तेव्हा थोडी पांढरी भुकटी पडली. शेवटी सिलिंडर करवतीनं कापला. आतल्या भिंतीवर पांढरा, मेणासारखा गुळगुळीत थर बसला होता. हा गॅस स्फोटक वागू शकतो हे आज नीट माहीत आहे, त्यामुळे ते करवत चालवणं किती धोक्याचं होतं याचा अंदाज येतो.

झालं असं होतं की गॅसचे रेणू दाबाखाली आपसात जोडले जाऊन लांबच लांब साखळ्या झाल्या होत्या. साखळीचा कणा कार्बनचा आणि त्याच्या चहूबाजूंनी फ्लोरिनचं चिलखत. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध रसायनशास्त्रातल्या सगळ्यात पक्क्या बंधांपैकी एक आहे. त्यामुळे बाहेरच्या कुठल्याही रेणूला आत हात घालायला जागाच उरत नाही.

प्लंकेट यांनी ती भुकटी ॲसिडमध्ये टाकली, अल्कलीत टाकली, हाताशी होते ते सगळे द्रव वापरून पाहिले. काही विरघळलं नाही, काही जळलं नाही. तेव्हा त्यांचं वय होतं २७. पेटंटचा अर्ज १९३९ मध्ये गेला आणि ४ फेब्रुवारी १९४१ रोजी पेटंट मिळालं.

शोध लागला, शोधणारा दुसऱ्या खात्यात

इथे बहुतेक गोष्टी संपतात. पण प्लंकेट यांच्या हातात आलेली वस्तू तोपर्यंत तशी निरुपयोगीच होती. बनवायला महाग, आणि बनवल्यावर तिला आकार देता येईना.

साधं प्लास्टिक तापवलं की पातळ होतं आणि साच्यात ओतता येतं. बादल्या, खुर्च्या, फोनचे कव्हर असेच बनतात. पीटीएफई ३२७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं खरं, पण वाहत नाही. साखळ्या इतक्या लांब असतात की वितळूनही ते घट्ट जेलीसारखं जागच्या जागी राहतं. साच्यात ओतणार कसं? कुठल्याही द्रवात ते विरघळत नाही, मग रंगासारखं लावणार कसं?

कंपनीनं पुढचं काम दुसऱ्या लोकांकडे दिलं. १९३९ मध्ये प्लंकेट यांना टेट्राएथिल लेडच्या विभागात पाठवलं. पेट्रोलमध्ये मिसळायचं हे शिशाचं रसायन. म्हणजे आज ज्यांच्या नावाला टेफ्लॉन जोडलेलं आहे, ते टेफ्लॉनच्या पुढच्या प्रवासात जवळपास नव्हतेच.

दुसऱ्या महायुद्धात या भुकटीचं नशीब उघडलं. अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात युरेनियम हेक्साफ्लुओराइड हा भयंकर गॅस हाताळायचा होता. तो वॉशर, गॅस्केट सगळं खाऊन टाकायचा. पीटीएफईला मात्र त्यानं काही होत नव्हतं. तिथे किमतीचा प्रश्नच नव्हता. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये टेफ्लॉनची जाहीर घोषणा झाली आणि १९५० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ मोठा कारखाना सुरू झाला.

आकार देण्याची युक्ती मात्र कुंभाराची निघाली. कुंभार ओली माती वितळवत नाही. तो तिला आकार देतो, सुकवतो आणि आव्यात भाजतो. तापल्यावर मातीचे कण कडेकडेनं एकमेकांत मिसळतात आणि मडकं पक्कं होतं. पीटीएफईचंही तसंच करायचं. भुकटी दाबून ठोकळा करायचा आणि साधारण ३६० ते ३८० अंशांवर भाजायचा. कण एकमेकांत विरून एकजीव होतात. याला सिंटरिंग म्हणतात.

तव्यापर्यंतचा प्रवास

ठोकळा झाला. थर कसा द्यायचा? त्यासाठी पीटीएफईचे साधारण ०.२ मायक्रॉनचे कण पाण्यात तरंगत ठेवलेलं दुधासारखं मिश्रण बनवलं गेलं. हे रंगासारखं फवारता येतं. सगळ्यात आधी त्याचा उपयोग कारखान्यांत आणि बेकरीत झाला. १९५१ मध्ये फिलाडेल्फिया शहरानं प्लंकेट यांना जॉन स्कॉट पदक दिलं, तेव्हा समारंभाला आलेल्या पाहुण्यांना टेफ्लॉनचा थर दिलेला मफिन भाजायचा साचा भेट मिळाला होता.

घरच्या तव्याचं श्रेय फ्रान्समधल्या मार्क ग्रेगोआर या इंजिनिअरला जातं. त्याला मासेमारीचा नाद होता आणि गळाच्या सामानावर हा पदार्थ लावायची त्याची खटपट चालू होती. हेच माझ्या भांड्यांना लाव, असं त्याच्या बायकोनं, कोलेतनं सुचवलं असं सांगतात. १९५४ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९५६ मध्ये टेफाल ही कंपनी उभी राहिली. टेफ्लॉनचं टेफ आणि ॲल्युमिनियमचं आल. डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानात हे तवे विकायला आले.

ग्रेगोआरची युक्ती दोन पायऱ्यांची होती. आधी ॲल्युमिनियम ॲसिडनं खाऊ घालून त्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खड्डे पाडायचे. मग त्यावर पीटीएफई लावून त्याच्या वितळण्याच्या तापमानाच्या वर न्यायचं. मऊ झालेला थर खड्ड्यांत उतरतो आणि गार झाल्यावर तिथेच अडकतो. म्हणजे तो गोंदासारखा चिकटलेला नसतो. दगडी भिंतीच्या फटीत प्लास्टर जसं धरून बसतं, तसा तो अडकलेला असतो.

भट्टीत नेमकं काय होतं?

आपल्याकडे क्युरिंग म्हटलं की स्लॅबला पाणी मारणं आठवतं. राजुरा, गडचांदूर हा सिमेंटचा पट्टा आहे, इथे हे सांगायची गरज नाही. मिस्त्री सांगतो की पाणी नीट मारलं नाही तर स्लॅब दिसायला तसाच दिसेल, पण कच्चा राहील. नॉनस्टिकच्या क्युरिंगमध्ये पाण्याच्या जागी उष्णता आहे. बाकी मिस्त्रीचं म्हणणं जसंच्या तसं लागू पडतं.

आजच्या कारखान्यात काम साधारण असं चालतं. ॲल्युमिनियमवरचं तेल-ग्रीस काढतात. मग बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करतात. त्यावर पहिला थर, म्हणजे प्रायमर फवारतात. यात पीटीएफई असतंच, पण सोबत पॉलिअमाइड-इमाइडसारखं धातूला घट्ट धरणारं रेझिनही असतं. मग मधला आणि वरचा थर. वर जावं तसं रेझिन कमी आणि पीटीएफई जास्त. सगळे थर मिळून जाडी २५ ते ४० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या निम्म्याच्या आसपास. एकाच वेळी जाड थर मारला तर सुकताना त्याला भेगा पडतात, उन्हाळ्यात आपल्या कापसाच्या काळ्या रानाला पडतात तशाच.

मग भट्टी. शंभर अंशांच्या आसपास पाणी उडून जातं. अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान कण तरंगत ठेवण्यासाठी घातलेली साबणासारखी रसायनं उडतात किंवा जळून जातात. ३२७ च्या पुढे पीटीएफईचे कण मऊ होऊन एकमेकांत विरतात. मग काही मिनिटं धातूचं तापमान ३८० ते ४३० च्या पट्ट्यात ठेवतात. नेमका आकडा लेप बनवणारी कंपनी देते. याच वेळात रेझिन पक्कं होऊन धातूला धरतं आणि पीटीएफई वरच्या बाजूला जमा होतं. खालचा भाग चिकटणारा, वरचा भाग न चिकटणारा. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. न चिकटणाऱ्या पदार्थाला चिकटवण्यासाठी मध्ये एक मध्यस्थ घातला आणि दोघांची जागा उष्णतेनं ठरवून दिली.

इथली सगळ्यात मोठी गफलत म्हणजे भट्टीच्या डायलवरचा आकडा खरा मानणं. डायल हवेचं तापमान सांगतो, आणि महत्त्वाचं असतं धातूचं. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा काही मिनिटांत तापतो. बिडाचा जाड रोलर त्याच भट्टीत कितीतरी वेळ गारच राहतो. म्हणून चांगल्या कारखान्यात तापमान मोजणारा सेन्सर वस्तूलाच चिकटवून तिच्याबरोबर भट्टीतून फिरवतात आणि मिनिटागणिक आलेख काढतात.

कमी भाजलं तर कण पूर्ण विरत नाहीत. थर गुळगुळीत दिसतो, पण आत सूक्ष्म फटी राहतात. त्यांतून तेल-मीठ खाली उतरतं, धातूपर्यंत पोचतं आणि काही महिन्यांत फोड येऊन पापुद्रे निघतात. जास्त भाजलं तर रेझिन करपतं, रंग बदलतो, थर ठिसूळ होतो आणि पीटीएफईच्या साखळ्या तुटायला लागतात. आणखी एक गोष्ट. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतं, त्यामुळे भट्टीत तवा वितळत नाही. पण चारशेच्या आसपास ते मऊ पडतं. म्हणून स्वस्तातला पातळ पत्र्याचा तवा लवकर वाकडा होतो.

तपासणी साधी असते. थरावर ब्लेडनं उभ्या-आडव्या रेघा मारून छोटे चौकोन पाडतात, चिकटपट्टी दाबून लावतात आणि झटक्यात ओढतात. मग तवा उकळत्या पाण्यात ठेवून पुन्हा तेच करतात. चौकोन उचलले गेले तर क्युरिंग किंवा आधीची साफसफाई कुठेतरी चुकली.

हे फक्त तव्यांपुरतं नाही. वर्धा नदीच्या पलीकडे बल्लारपूरला पेपर मिल आहे. अशा गिरण्यांमध्ये ओला कागद वाफेनं तापलेल्या सिलिंडरवरून सुकत जातो, आणि सुरुवातीच्या सिलिंडरना तो चिकटू नये म्हणून त्यांवर पीटीएफईचा थर देण्याची पद्धत आहे. सिमेंट उद्योगात धूळ पकडणाऱ्या फिल्टर बॅगांवर याच पदार्थाचा ताणलेला पडदा लावतात. धूळ आत शिरत नाही, झटकली की पडते. अशा ठिकाणी थर उखडला तर अख्खी लाइन बंद ठेवावी लागते.

महाराष्ट्रातला तवा

भारतात नॉनस्टिक भांडी आणणारी पहिली कंपनी म्हणून ओळखली जाते ती आपल्याच राज्यातली. १९६८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, निळकंठ गोगटे यांनी निर्लेप सुरू केली. नाव किती चपखल आहे बघा. ज्याला काही लागत नाही, ते निर्लेप. आणि मुळात तो आहे एक लेपच! बऱ्याच मराठी घरांत नॉनस्टिक तव्याला आजही निर्लेपचा तवा म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सनं ही कंपनी विकत घेतली.

तीन रसायनं, एक माणूस

परत प्लंकेट यांच्याकडे येऊ. शिशाच्या विभागात ते मुख्य केमिस्ट झाले आणि १९५२ पर्यंत तिथे राहिले. नंतर फ्रेऑन विभागात वरिष्ठ पदांवर काम करून १९७५ मध्ये निवृत्त झाले. १९७३ मध्ये प्लास्टिक उद्योगाच्या आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधकांच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव गेलं. १२ मे १९९४ रोजी टेक्सासमध्ये कर्करोगानं त्यांचं निधन झालं.

आता त्यांच्या नोकरीकडे पुन्हा एकदा बघा. शिशाचं पेट्रोल, फ्रेऑन, टेफ्लॉन. तिन्ही रसायनं आपापल्या काळातली मोठी सोय होती. शिशामुळे इंजिनातली ठोक थांबली, पण ते हवेतून लहान मुलांच्या रक्तात गेलं. भारतात २००० साली ते पेट्रोलमधून हद्दपार झालं. फ्रेऑनमुळे फ्रिज सुरक्षित झाला, पण ओझोनचा थर विरळ झाला. १९७४ मध्ये शास्त्रज्ञांनी तो इशारा दिला आणि १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याच्यावर बंदी येत गेली.

टेफ्लॉनची बाजू जास्त गुंतागुंतीची आहे. पीटीएफई स्वतः जवळपास निष्क्रिय. पोटात गेलेला तुकडा तसाच बाहेर पडतो. पण ते बनवताना कण पाण्यात तरंगत ठेवण्यासाठी पीएफओए नावाचं साबणासारखं रसायन १९५० च्या दशकापासून वापरलं गेलं. पार्कर्सबर्गच्या कारखान्यातून ते नदीत, जमिनीत आणि लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं. तिथल्या एका पशुपालक शेतकऱ्याच्या गाई मरायला लागल्या आणि १९९९ मध्ये रॉबर्ट बिलॉट या वकिलानं कोर्टात दावा लावला. २०१७ मध्ये सुमारे साडेतीन हजार दाव्यांची ६७ कोटी डॉलरहून जास्त रकमेवर तडजोड झाली. २०१९ च्या डार्क वॉटर्स या सिनेमात हीच कथा आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं पीएफओएला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

यात क्युरिंगचा संबंध असा. नीट भाजलेल्या तव्यात पीएफओए जवळपास उरत नाही, कारण भट्टीच्या तापमानात ते उडून जातं. म्हणून धोका तव्यावर जेवणाऱ्यापेक्षा कारखान्यात राबणाऱ्याला आणि कारखान्याशेजारी पाणी पिणाऱ्याला जास्त होता. खाणी, सिमेंट आणि वीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या भागाला हा हिशोब वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वस्तू एकीकडे वापरली जाते, तिचा धूर-सांडपाणी दुसरीकडे राहतं.

आता बड्या कंपन्यांनी पीएफओए बंद केलं आहे. पण त्याच्या जागी आलेली रसायनं आणि एकूणच फ्लोरिनच्या या कुळावर जगभर वाद चालू आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं २०२५ पासून अशा लेपाची भांडी विकायलाच बंदी घातली. प्लंकेट यांनी पहिल्याच आठवड्यांत पाहिलं होतं की हा पदार्थ कशानंच मोडत नाही. तो गुण वॉशरसाठी चांगला. त्याच कुळातल्या रसायनात तोच गुण असेल आणि ते नदीत गेलं, तर ते तिथून जाणार कधी?

तुमच्या किचनमध्ये

एवढं वाचल्यावर घरच्या तव्याचं काय करायचं ते थोडक्यात:

- रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवू नका. पीटीएफई साधारण २६० अंशांपर्यंत निर्धास्त वापरता येतं. रिकामा तवा मोठ्या गॅसवर काही मिनिटांतच त्याच्या पुढे जातो. साडेतीनशेच्या पुढे थर मोडायला लागतो आणि त्याच्या वाफेनं तापासारखी लक्षणं येऊ शकतात. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर जास्त जपा. पक्षी या वाफेनं मरतात. चंद्रपूरच्या ४७ अंशांच्या उन्हाची थराला काहीच भीती नाही, भीती आहे ती विसरलेल्या गॅसची.
- तेल हा तुमचा थर्मामीटर. नेहमीचं रिफाइंड तेल साधारण २३० अंशांच्या आसपास धूर सोडतं. धूर दिसला की आच कमी करा.
- भाकरीला लोखंडी तवा. ज्वारीची भाकरी कडक तापलेल्या, कोरड्या तव्यावर होते. नॉनस्टिकसाठी याहून वाईट काम नाही. डोसा, धिरडं, ऑम्लेट मात्र खुशाल करा, मध्यम आचेवर.
- घरी लेप मारायच्या फंदात पडू नका. पीटीएफईचे कण ३२७ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय एकजीव होत नाहीत, आणि घरचा ओव्हन २५० ला थांबतो. स्प्रे मारून वाळवलेला तो थर कच्चाच राहणार आणि भाजीत उतरणार. पुन्हा लेप द्यायचाच असेल तर जुना थर पूर्ण काढून, खरखरीत करून भट्टीत भाजून देणाऱ्याकडेच द्या. भाजताना धातूचं तापमान मोजता का, एवढं त्याला विचारा. उत्तरावरून कळतं.
- फोड आले, पापुद्रे निघाले, की तवा बदला. तारेची घासणी आणि स्टीलचा झारा लांब ठेवला तर ती वेळ उशिरा येते.